कापसाच्या घरातला धूर

मी शंकेखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर घातली की मी मेथीची जुडी उलटून बघते. शाळेत दुसरीपर्यंतच गेले. वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर, आणि त्या कागदांवरची बातमी नेहमी अर्ध्यात फाटलेली असायची. उरलेली अर्धी आपली आपण ताडायची. ती सवय अंगात मुरली. पुढे दिग्रसला बरीच वर्षं खानावळ चालवली. जेवणारा तोंडानं काही म्हणो, खरं काय ते ताट सांगतं, हे तिथे कळलं.

तर गेल्या संक्रांतीला मी माझी नात रूपाली हिच्या सासरी जाऊन आले. गाव मुकुटबनच्याही पुढे, लहानसं. जिल्हा आमचाच, यवतमाळ, पण दिग्रस या टोकाला आणि ते गाव त्या टोकाला, तेलंगणाच्या अंगाला. तुम्ही तिकडे गेला नसाल. जायला कारणही पडत नाही कुणाला. मला पडलं. रूपालीची लेक स्वरा, म्हणजे माझी पणती, हिची पहिली संक्रांत होती. पहिल्या संक्रांतीला लेकराला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बोरं-चुरमुऱ्यांनी न्हाऊ घालतात, आणि गल्लीतली पोरं ती बोरं लुटतात. ते बोरन्हाण पणजीनं करायचं, असं मीच फोनवर ठरवून टाकलं.

पण खरं कारण निराळं. फोनवर बोलताना मागे कुणीतरी खोकायचं.

"कोन खोकून राह्यलं वो, रूपा?"

"टीव्ही हाय आजी."

आता टीव्ही कधी खोकतो का? आणि तोही रूपालीनं "थांब माय, थांब" म्हटल्यावर? दिवाळीनंतर स्वराला न्यूमोनिया झाला होता आणि दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, हेही मला ती घरी परतल्यावर कळवलेलं. जे बरं झाल्यावर सांगतात ते बरं झालेलं नसतं. मी पिशवी भरली.

आर्णी

पिशवीत आमच्या दारच्या बोरीची बोरं, चुरमुरे, तिळाचे लाडू आणि मी घरी केलेले हलव्याचे दागिने होते. हलव्याला काटा मनासारखा आला नव्हता, पण लेकराला काय कळतं. यष्टीत माझ्या शेजारी एक जाडजूड बाई येऊन बसली आणि बसल्याबसल्या माझ्या पिशवीकडे पाहून हसली. अनोळखी माणूस पिशवीकडे पाहून हसलं की मी पिशवी मांडीवर घेते. ती जरा सरकली, मी पिशवी जरा ओढली. ती डुलकी घेता घेता माझ्या अंगावर कलली, मी आणखी ओढली. आर्णीच्या स्टँडावर गाडी शिरली आणि माझ्याच ओढण्यानं पिशवीची शिवण टरकन उसवली.

बोरं सगळ्या गाडीभर. ड्रायव्हरच्या पायापर्यंत.

कंडक्टर म्हणाला, "आजी, बोरन्हान इथीसाच उरकता का? लेकरू कोठी हाय?"

गाडीभर हशा. ज्या बाईवर माझा संशय तीच वाकून वाकून सीटांखालची बोरं पदरात गोळा करत होती. सगळी आणून माझ्यापुढे ओतली, वर आपल्या जवळची कापडी पिशवी दिली. मी तिला लाडू दिला. तरी ती यवतमाळला उतरल्यावर मी पिशवी हातात तोलून पाहिलीच. सवय आहे, काय करणार.

मुकुटबनच्या पुढे

वणीहून पुढे मुलुख बदलतो. टेकड्या जवळ येतात, सागाची रानं पानं गाळून उभी असतात. शेतातला कापूस शेवटच्या वेचणीला आलेला, तूर कापून ढीग लावलेले. माणसांच्या बोलण्यात मधेच एखादा तेलुगू शब्द येतो आणि ताटात भात भाकरीपेक्षा जास्त. आणि प्रत्येक घराला लागून पऱ्हाटीचा ढीग, म्हणजे कापूस काढून झाल्यावर उपटलेल्या झाडांच्या वाळल्या काड्या. काही ढीग तर घरापेक्षा उंच. आमच्या दिग्रसच्या गल्लीत एवढं सरपण आता फक्त लग्नाच्या आचाऱ्याकडे दिसतं. या गावात तर घरोघर गॅस आले म्हणतात. मग एवढं सरपण कशाला? मी मनात गाठ मारून ठेवली.

फाट्यावर नातजावई नितीन मोटारसायकल घेऊन आला होता. पोरगा भला आहे, कमी बोलतो. मी कमी बोलणाऱ्यांवर जास्त लक्ष ठेवते.

दारात रूपालीच्या सासूबाई, सुमनबाई, तांब्या घेऊन उभ्या. नवरा लवकर गेला, शेती आणि घर यांनीच ओढलं, त्यामुळे आवाज खणखणीत. माझ्या पायावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "या आजीबाई, या. किती वाट पाह्यली तुमची. बसा, तुमी आता काडीलेही हात नाही लावाचा."

घर असं: पुढे ओसरी, मग बाहेरची खोली, तिला मोठी खिडकी, पलंग, टीव्ही. ही खोली माझ्यासाठी सारवून झाडून रिकामी ठेवलेली. त्यामागे मधली खोली आणि शेवटी स्वयंपाकाची. मधल्या खोलीत जायला गेले तर दारातूनच पांढरा डोंगर अंगावर आला. कापूस! जमिनीपासून आढ्यापर्यंत. खिडकी कुठे आहे तेही दिसेना. मागे स्वयंपाकाच्या खोलीत जायचं तर घराला वळसा घालून परसातल्या दारानं.

"भाव येऊ द्या, मंग इकू," नितीन म्हणाला.

आमच्या दिग्रसला बाजार दाराशी, जिनिंग दाराशी. आम्ही कापूस बघतो तो गाडीत भरलेला. इथे माणसं महिनोन्महिने कापसासोबत राहतात. मी दोन क्षण दारात उभी राहिले आणि संध्याकाळपर्यंत मान खाजवत बसले.

रूपालीनं स्वराला माझ्या मांडीवर दिलं. डोळे मोठे, काजळ भरलेले, गालावर तीट. हसली, आणि हसता हसता खोकली. मी तिला छातीशी धरलं, टाळूचा वास घेतला. तुम्हाला ठाऊक असेल, तान्ह्याच्या टाळूला दूध-तेलाचा वास असतो, जगात त्यासारखा दुसरा नाही. या लेकराच्या टाळूला भाजल्या कणसाचा वास होता.

"इले खोकला कायनं वो?" मी विचारलं.

"रस्त्याची धूळ हाय आजी," नितीन म्हणाला. "टरक लय चालतेत."

"नजर हाय," सुमनबाई म्हणाल्या. "मागच्या घरची ते पाह्यते ना, टकामका."

रूपालीचे डोळे लाल होते. "कांदा चिरला," म्हणाली. चहा आला, त्यालाही धुराचा वास. रात्रीच्या जेवणाला भरीत, तुरीच्या सोल्यांची म्हणजे ओल्या दाण्यांची आमटी, भात, ज्वारीची भाकर. त्या भरताचं काय सांगू! साल काळी कोळसा झालेली, आत वांगं लोण्यासारखं, वर कच्चं तेल, कांद्याची पात. मी बोटं चाटली आणि चाटता चाटता थांबले. जन्म गेला माझा वांगी भाजण्यात. गॅसच्या जाळावर वांग्याला ही चव येत नाही.

"गॅस हाय ना तुमच्याइथी?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हाय ना!" तिघंही एकदम म्हणाले.

तीन माणसं एकदम एकच गोष्ट बोलली की ती ठरवलेली असते. मी ताट उचलून मागे निघाले तर सुमनबाई आडव्या आल्या. "अवं, पाहुन्या मानसानं ताट उचलाव का? लाजवता का आमाले?" मान देत होत्या की अडवत होत्या, मला कळेना. मी ताट ठेवलं. पण त्या रात्री झोपताना माझं ठरलं होतं: यांनी गॅस विकला. नितीनच्या हातात नवा मोबाईल आहे, तो कुठून आला?

ते खोटं निघालं, हे इथेच सांगते. मोबाईल त्याच्या मित्राचा जुना होता. पण संशयाला रिकामं बसवत नाही.

दवाखाना

बोरन्हाण दुसऱ्या दिवशी दुपारी ठरलेलं. सकाळीच स्वरा दूध ओढेना. मी झबलं वर केलं. पोट भात्यासारखं चाललेलं, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"पोट उडून राह्यलं इचं," मी म्हणाले. "दवाखान्यात चला."

"थांबा आजीबाई, नजर काहाडतो आंधी," सुमनबाई म्हणाल्या आणि मीठ-मिरच्या ओवाळून लगबगीनं मागे गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडावर समाधान. "एक ठसका आला नाही वो! मिरच्या जळल्या अन् ठसका नाही. पाह्यलं? नजरच होती."

मी ठसका आला की नाही ते बघत नव्हते, मिरच्या कशात जाळल्या ते ताडत होते. मिरच्या जाळायला निखारा लागतो, आणि गॅसला निखारा नसतो.

पण ते बोलायची वेळ नव्हती. रूपालीनं लेकराला खांद्यावर घेतलं होतं आणि पायात चपला घातल्या होत्या. सासूकडे न बघता नितीनला म्हणाली, "मी चालली. ऑटो आनता का पायी जाऊ?" त्या शब्दांत एवढी धार होती की सुमनबाई दारातून बाजूला झाल्या. नितीन पळाला.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी एकदाच स्वराच्या छातीकडे पाहिलं आणि पुढचं सगळं भराभर झालं. नाकाशी नळी लागली, हाताला सुई. एवढ्याशा हाताला पट्टीसकट पुठ्ठा बांधला, तेव्हा रूपाली पहिल्यांदा रडली.

"दिवाळीनंतर पण हेच झालं होतं ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "घरात बिडी-सिगारेट?"

"नाही," नितीन म्हणाला. ते खरं होतं, मी त्याच्या शर्टाचा वास आधीच घेतला होता.

"स्वयंपाक कशावर?"

"गॅसवर," सुमनबाई.

"गॅसवरच," नितीन.

रूपाली फरशीकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी तिघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी स्वराचं झबलं सारखं करू लागले. मला फक्त शंका होती, आणि लेकीच्या लेकीचं सासर होतं ते.

"इतक्या लहान छातीत रोज धूर गेला की तिची राखण कमी पडते," त्या म्हणाल्या. "मग साधी सर्दी खाली उतरते. न्यूमोनियाला औषध आहे, मी देतेय. घरातल्या धुराला माझ्याकडे औषध नाही. तो असेल तर परत इथेच भेटू, आणि दर वेळी लेकरू इतका जोर करू शकेलच असं नाही."

शेवटचं वाक्य त्या हळू बोलल्या.

मागची खोली

रूपाली लेकराजवळ राहिली, नितीन औषधांसाठी. डबा करायला सुमनबाई घरी निघाल्या, तशी मीही ऑटोत जाऊन बसले.

"तुमी कायले? थकसान."

"दोघींनं होईन लवकर."

घरी पोचल्यावर सुमनबाई पाणी आणायला विहिरीकडे गेल्या, तेवढ्यात मी परसातून वळसा घालून मागचं दार ढकललं.

आत अंधार. डोळे सरावल्यावर दिसली ती चूल. नीट सारवलेली, राख अजून कोमट. भिंती वरपासून काळ्या, काजळीला चकाकी आलेली. आणि मधल्या खोलीत उघडणारं दार होतं ते ताडपत्रीनं बंद. नुसतं झाकलेलं नाही. चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून वर शेणमातीनं लिंपलेलं. मुंगीलाही वाट नाही. घरातली हवा यायची जायची ती याच दारातून आणि मधल्या खोलीच्या खिडकीतून. खिडकी कापसाखाली, दार मातीखाली.

भाकरी तर करायलाच हव्या होत्या. मी पऱ्हाटी सारली, फुंकलं. पऱ्हाटी भसकन पेटते, तडतडते, ठिणग्या उडवते. सुमनबाई कळशी घेऊन आल्या आणि सवयीनं मागचं दार पायानं लोटून घेतलं. वारा आला की ठिणगी उडते ना. धूर वर गेला, आढ्याला टेकला आणि जायला जागा नाही म्हणून पसरत खाली आला. चुलीपुढे बसल्या बाईला श्वासापुरती हवा उरते; तेवढीच आम्हा बायांना पुरते असं आपण समजतो. पहिली भाकर तव्यावर टाकून पीठ घ्यायला मी उभी राहिले आणि डोकं त्या धुरात शिरलं. खोकत खोकत भिंत धरायला गेले. हाताशी आला तो दोर होता. डोळे पुसून वर पाहिलं.

आढ्याच्या लाकडाला स्वराची झोळी टांगलेली होती. बरोबर त्या उंचीवर.

"इथी निजवता लेकराले?"

सुमनबाई परात सारून बसल्या. "मंग कोठी निजवाव? कापसात निजवलं तं अंगाले खाज येते. भाईर थंडी. इथी ऊब हाय, माय जवळ हाय. एका हातानं भाकर, एका हातानं झोका."

"अन् गॅस? इकला ना?"

"इकाले काय झालं?" त्या एकदम उसळल्या. "चला, दाखवतो. चला!"

मला हाताला धरून गोठ्यात घेऊन गेल्या. कोपऱ्यात, कुटाराच्या म्हणजे भुशाच्या ढिगाआड, सिलिंडर उभं. वरच्या गोल कड्यात कुणीतरी गवत भरलेलं आणि त्यावर एक तांबडी कोंबडी ऐसपैस अंड्यावर बसलेली. आमच्याकडे तिनं अशा नजरेनं पाहिलं की माझा संशय मलाच ओशाळवाणा वाटला.

"पावसाळाभर गॅसवरच करतो सयपाक," सुमनबाई म्हणाल्या. "कापूस घरात आला का थो भाईर काहाडतो. कापूस अन् सिलिंडर एका घरात? उडन ना सारं! चूल बरी, चुलीवर पानी टाकता येते. म्हनून तं दार लिंपलं, का ठिनगी पल्याड जाऊ नाही."

"अन् डॉक्टरीनबाईले काहून नाही सांगतलं?"

"सरकारातून भेटलेला गॅस. वापरत नाही म्हनलं अन् नेला परत, तं?"

मग थोडं थांबून कोंबडीकडे बघत बोलल्या. त्या लहान असताना माहेरी घरात भरलेल्या कापसाला ठिणगी लागली होती. कापूस आधी दिसत नाही जळताना, आतून जळतो. कळलं तेव्हा छप्परच खाली आलं. माणसं निघाली. दावणीचं वासरू राह्यलं. "त्याचा आवाज अजून येते कानात. तुमाले काय मालूम आजीबाई, तुमी बजारातल्या."

मला खरंच ठाऊक नव्हतं. बाई हलगर्जी नव्हती. इतकी सावध की सावधपणानं एकेक फट बुजवत आली होती, आणि आत नातीला टांगलं होतं. तिला ठिणगी दिसत होती. धूर रोजचाच, तो कुणाला दिसतो?

मी तेच म्हणाले. "सुमनबाई, ठिनगी पल्याड जाऊ नाही म्हनून धूर अल्याड कोंडला तुमी. वासरू तं आता चुलीपाशी बांधलं."

हे फार झालं. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि मग त्यांनीही पोटातलं काढलं. "मी वळखतो तुमाले. बोरन्हानाचा बहाना हाय. पोरीले अन् लेकराले घिऊन जाव, म्हनून आल्या तुमी. आल्या दिसापासून भिंती हुंगून राह्यल्या!"

"हाव," मी म्हणाले. "मनात होतं."

कोंबडीनं पंख झटकले. चुलीवरची भाकर करपल्याचा वास गोठ्यापर्यंत आला आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींना ढकलत धावलो.

दुसरी भाकर थापता थापता मी म्हणाले, "पोरीले नाही नेत. पन कापूस बाहेरच्या खोलीत न्या. मधली मोकळी झाली का हे दार उघडन, खिडकी उघडन. गॅस इथी, कापूस थेट समोर, मधात अख्खी खोली. कोनाची ठिनगी कोनाले लागत नाही."

"अन् पाहुनं आलं तं कोठी बसवाव? कापसाच्या ढिगावर? लोक काय म्हनतीन?"

"पाहुनं म्हंजे मीच ना? मी चालली तं?"

"पाहू," सुमनबाई म्हणाल्या.

"पाहू" या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या खानावळीत "पाहू" म्हणालेलं गिऱ्हाईक परत कधी आलं नाही.

परत

डबा घेऊन पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई फेरीवर होत्या. स्वराचा श्वास अजून घाईचा होता, पण बरगड्यांखालचा खड्डा उथळ झाला होता. रूपालीनं सासूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला काय दिसलं कोण जाणे. आमच्या दोघींच्या डोळ्यांत धूर होता, तो असेल.

"मॅडम," ती म्हणाली, "सकाळी खोटं सांगतलं आमी. सयपाक चुलीवर होते. दार बंद करून. पोट्टी तेथीच निजते."

नितीननं मान खाली घातली. मी सुमनबाईंकडे पाहत होते. आता ही बाई सुनेला काय बोलेल? त्यांनी पदर सारखा केला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "गॅस परत नेतीन का?"

"नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेटवा फक्त."

स्वराची नळी निघाली, ती दूध ओढू लागली. नर्सबाईंच्या बोटाला धरून बसली. सुटी मिळायच्या दिवशी मी माझी पिशवी दवाखान्यातच मागवली. बोरं, चुरमुरे, दागिने रूपालीच्या हवाली केले. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं. रूपाली हटून बसली, "आजी, घरी तं चाल! लूट झाल्याबिगर जातं का कोनी?"

"मी घरी आली का थे खोली मले देतीन," मी तिच्या कानात म्हणाले. "पाहुनी हलली तरच कापूस हलन."

सुमनबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत तुरीचे सोले घातले. "तुमी इश्वास नाही ठेवत ना आमच्यावर?" म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले. त्या हसल्या. पहिल्यांदाच दात दिसले त्यांचे.

घरी परतल्यावर लोक विचारतात, कसा होता प्रवास? मी भरताचं सांगते, बोरांचं सांगते. झोळीचं सांगितलं की बाया म्हणतात, अवं आमची नाही का मोठी झाली धुरातच? झाली. जी नाही झाली ती सांगायला येत नाहीत.

रथसप्तमीला व्हिडिओ कॉल आला. स्वरा काळं झबलं घालून पाटावर, माझे दागिने गळ्यात, एक आधीच तोंडात. बोरं पडत होती, पोरं तुटून पडत होती. तिच्या अंगावर एका बाजूनं ऊन पडलेलं.

"हे कोनती खोली हाय?"

"मधली, आजी."

"फोन फिरव."

फिरवला. खिडकी. गज दिसले, गजांपलीकडे पऱ्हाटीचा ढीग. ताडपत्रीच्या जागी मोकळं दार, चौकटीला अजून शेणमाती चिकटलेली. सुमनबाईंनी फोन हिसकावला आणि मला थेट शेगडीपुढे नेलं. निळा जाळ, वर दूध. "पाहा! डोळे भरून पाहा! आता तं पटलं?"

"अंहं," मी म्हणाले. "कोंबडी दाखवा."

"काय?"

"कोंबडी कोठी बसते आता, थे दाखवा."

एवढे हसले सगळे की फोन हलला. पण गोठ्यात नेला. ती तांबडी एका फुटक्या घमेल्यात बसली होती, तशीच तोऱ्यात. सिलिंडर माझ्या फोनपुरतं आत आणलेलं नव्हतं, एवढं कळलं. तरी पुढच्या दसऱ्यानंतर, कापूस घरात आला की मी न कळवता जाणार आहे. सुमनबाईंना हे वाचून दाखवू नका.

शेवटी मी म्हणाले, "रूपा, झबलं वर कर तिचं." तोवर स्वरा लुटीच्या दमणुकीनं मांडीवरच झोपली होती. रूपालीनं हलकेच झबलं वर केलं आणि फोन जवळ धरला. एवढंसं पोट. वर आलं, आणि वरच थांबलं. खालीच जाईना. पोरांचा गलकाही बंद. मी चष्मा पुसला. तिकडचं नेटवर्क कसं आहे मला ठाऊक आहे, दहादा असं होतं. तरी मी त्या काचेला बोट लावून बसले.

मग चित्र हललं. पोट खाली गेलं, सावकाश वर आलं, परत खाली. बरगड्यांखाली खड्डा नव्हता.

"दिसलं ना आजी? ठेवू का आता?"

"नोको," मी म्हणाले. "धर तसाच जराखा."